जॅझची देशकाकु

छत्रपती संभाजीनगरापासून सुमारें पंधरा किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. तेराव्या शतकांत तेथें सिंघण यादवाचें राज्य असतां शार्ङ्गदेव नांवाचा एक अधिकारी त्याच्या पदरीं होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेंत आलेले. स्वतः त्याच्याकडे राज्याच्या हिशेब-दप्तराचें काम. जमाखर्च सांभाळीत त्यानें ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला, आणि आज हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही परंपरा त्या ग्रंथाला आपला पूर्वज मानतात. त्याच्या तिसऱ्या, ‘प्रकीर्णक’ नांवाच्या अध्यायांत ‘काकु’ची चर्चा आहे. वाचकांनीं दचकूं नये. ही काकु म्हणजे चुलती नव्हे. आवाजाच्या वळणामुळें वाक्याचा अर्थ पालटतो, त्याला अलंकारशास्त्रांत काकु म्हणतात; तीच कल्पना शार्ङ्गदेवानें गायनवादनाला लावली. काकु म्हणजे छाया, सुरावर चढणारी एक विशेष झांक. ती सहा प्रकारची. एका स्वरावर दुसऱ्या स्वराची छाया पडते ती स्वरकाकु. रागाची स्वतःची मुख्य छाया ती रागकाकु. एका रागांत दुसऱ्याचा भास होतो ती अन्यरागकाकु. गाणाऱ्याच्या देहामुळें, म्हणजे कंठाच्या घडणीमुळें येते ती क्षेत्रकाकु. वीणा-बांसरीसारख्या वाद्यामुळें येते ती यंत्रकाकु. आणि प्रदेशाच्या स्वभावामुळें जी छाया पडते ती देशकाकु.

सुमारें आठशें वर्षांपूर्वींचें हें माप आम्ही आज पोलंडच्या जॅझला, आणि त्याच्या शेजारीं आपल्या मुंबई-गोव्याच्या ध्वनिमुद्रिकांना, लावूं पाहत आहों. संबंध विलक्षण वाटेल. पण प्रश्न जुनाच आहे. परक्या भूमींतली कला एखाद्या समाजानें घेतली, तर ती त्याची झाली कीं नुसती उसनी राहिली, हें कशावरून ओळखावें? आपल्याकडे या प्रश्नाचें उत्तर बहुधा वंशावळ पाहून दिलें जातें. चाल कोठून आली, वाद्य कोणाचें, ठेका कोणत्या मुलखाचा, हें विचारून निकाल लागतो. मग ऐकण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहींत. हार्मोनियमचें कूळ परदेशी म्हणून आकाशवाणीनें तिला १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेविलें. आणि त्याच पेटीवर महाराष्ट्राचीं नाट्यगीतें घरोघर वाजत होतीं! वंशावळीचें माप किती तोकडें असतें हें समजण्यास इतकें एक उदाहरण पुरे आहे.

जॅझ हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजानें विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरांत घडविलेलें संगीत. ज्यांचा कान ख्यालावर तयार झाला आहे त्यांना त्याची रीत समजण्यास फार अडचण पडूं नये. आरंभीं एक धून वाजते. ती बंदिशीच्या ठिकाणीं. धुनेच्या खालीं स्वरसंघांची एक ठराविक मालिका असते. ती आवर्तनासारखी पुन्हां पुन्हां फिरते. या मालिकेवर एकेक वादक आपापल्या मतीप्रमाणें विस्तार करतो, आणि शेवटीं सर्वजण मूळ धुनेवर परत येतात. आपला गवय्या षड्ज अचल ठेवून रागाचें रूप उलगडतो. जॅझच्या वादकाची मात्र पायाखालची जमीन दर पावलाला सरकते आणि तो तोल सांभाळीत चालतो. तिसरा किंवा सातवा स्वर किंचित् उतरवून त्यावर घसरत येण्याची जी जॅझची खोड आहे, ती मींड जाणणाऱ्यास लगेच उमगते. सारांश, या संगीतांत लिहिलेलें थोडें आणि त्या क्षणीं सुचलेलें फार. आणि सुचणाऱ्या गोष्टींत माणसाचा व त्याच्या मुलखाचा स्वभाव झांकून राहत नाहीं. देशकाकूची परीक्षा पाहण्यास याहून सोयीचें संगीत मिळणें कठीण.

आतां पोलंडाकडे वळूं. तेथें जॅझ दुसऱ्या महायुद्धापूर्वींही वाजत होता. परंतु युद्धानंतर, १९४९ च्या सुमारास, साम्यवादी राजवटीनें त्याला शत्रूच्या गोटांतलें संगीत ठरविलें. पुढील कांहीं वर्षें वादक खासगी घरांतून जमत व वाजवीत; तेथील लोक त्या दिवसांना भुयारांचा काळ म्हणतात. १९५३ सालीं स्टालिन वारला, बंधनें सैल झालीं, आणि १९५६ च्या ऑगस्टांत बाल्टिक किनाऱ्यावरील सोपोत येथें पहिला मोठा जॅझ-महोत्सव भरला. त्यांत क्शिश्तोफ कोमेदा या पंचवीस वर्षांच्या पियानोवादकानें आपल्या सहा जणांच्या मेळासह वादन केलें. हे गृहस्थ पेशानें कान-नाक-घशाचे डॉक्टर. इस्पितळांतील वरिष्ठांच्या डोळ्यांवर येऊं नये म्हणून त्यांनीं जॅझसाठीं कोमेदा हें टोपणनांव घेतलें, आणि पुढें जगाला तेवढेंच नांव ठाऊक राहिलें. १९५८ पासून वॉर्सा येथें ‘जॅझ जंबोरी’ हा महोत्सव भरूं लागला. १९६५ पासून तर सरकारी ध्वनिमुद्रण-संस्थेनेंच ‘पोलिश जॅझ’ या नांवाची मालिका काढली, आणि १९८९ पर्यंत तिच्यांत ७६ तबकड्या निघाल्या. ज्या राज्यानें हें संगीत भुयारांत ढकललें, त्याच राज्यानें पुढें त्याच्यावर आपल्या देशाच्या नांवाचा शिक्का मारला.

याच कथेंत एक दुवा असा आहे कीं, तो आपल्या दारापर्यंत येतो. १९५८ सालीं अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रूबेक यांचा मेळ त्यांच्या सरकारच्या वतीनें परदेशांच्या दौऱ्यावर निघाला. मार्च महिन्यांत तो पोलंडांत होता. तेथें ब्रूबेक यांनीं शोपँच्या स्मृतीस उद्देशून ‘जेंकुये’, म्हणजे पोलिश भाषेंत ‘आभारी आहें’, ही रचना केली. तोच दौरा पुढें हिंदुस्थानांत आला, आणि मुंबईस ब्रूबेक यांनीं सतारवादक अब्दुल हलीम जाफर खां यांच्या संगतीनें वाजविलें. एकच पाहुणा एकाच वर्षीं दोन घरीं जेवून गेला. त्यानंतर दोन्ही घरीं काय शिजलें, तें आतां पाहूं.

कोमेदांची ‘अस्टिग्मॅटिक’ ही तबकडी १९६५ च्या डिसेंबरांत मुद्रित झाली. तिच्यांत अवघ्या तीन रचना. पहिली एकटीच वीस मिनिटांहून मोठी. ट्रंपेटवर तोमाश स्तान्को, सॅक्सोफोनवर ज्बिग्न्येफ नामिस्वोफ्स्की. दोघेही त्या वेळीं पंचविशीच्या आंतबाहेर. अमेरिकन जॅझमध्यें जो झुलता, आत्मविश्वासाचा ठेका आपण ऐकतों, तो येथें शोधणारा निराश होईल. धून तुटक येते, थबकते, जणूं विचार करून पुढें सरकते. तालवाद्य कधीं उघडपणें सोबत करतें, कधीं बुडून जातें. आणि एकदां वाटतें कीं रचना विसकटली, तोंच दोन्ही फुंकवाद्यें एका सुरांत येऊन तिला सांवरतात. कोमेदांच्या संथ रचनांत एक अंधुक उदासी आहे. रात्रीं दिवा न लावतां खिडकीशीं बसलेल्या माणसाच्या मनांत असते तशी. पोलंडच्या इतिहासांत घरें उठण्याचे प्रसंग थोडे नाहींत, आणि महाराष्ट्रानें त्यांतला एक डोळ्यांनीं पाहिला आहे. १९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापुराजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. रशियन राजवटीनें सैबेरियाकडे हांकलेलीं आणि इराणमार्गें इकडे पोहोंचलेलीं हीं कुटुंबें. त्यांत बायका व मुलें अधिक. कोमेदांचे सूर ऐकतांना ज्यांना वळिवड्याची आठवण होईल, त्यांना ही काकु समजावून सांगावी लागणार नाहीं.

पण देशकाकु म्हणजे केवळ उदासी असें समजणें ही ढोबळ चूक होईल. नामिस्वोफ्स्की यांच्या तबकड्या त्यावर उतारा आहेत. पोलंडच्या लोकनृत्यांचा प्राण तिमात्री चालींत आहे. मझुर्केंत जोर पहिल्या मात्रेवर न पडतां अनेकदां दुसऱ्या वा तिसऱ्या मात्रेवर पडतो. समेवर येतों येतों म्हणत चकवून पुढें जाणारा तबलजी ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना या खोडीची गंमत कळेल. जॅझचा ठेका बहुधा चार मात्रांचा. ‘कुयाव्याक गोज फंकी’ या १९७५ च्या तबकडींत नामिस्वोफ्स्की कुयावी प्रांताच्या संथ तिमात्री नृत्याचें वळण अमेरिकन ठेक्याच्या अंगांत असें भरतात कीं, दोहोंचा सांधा हातीं लागत नाहीं. तेथें लोकगीताचें ठिगळ नाहीं. वादकाच्या पावलांतच तें नृत्य आहे. तो चार मात्रांत चालतो तरी कुयावीचा माणूस म्हणूनच चालतो. शार्ङ्गदेवाला देशकाकु म्हणून जें अभिप्रेत होतें तें हेंच असावें, असें आम्हांस वाटतें.

या दोघांनंतरच्या पिढीनें हें धन कसें सांभाळलें? स्तान्को २०१८ सालीं वारले. पण त्याआधीं त्यांनीं दोन मोठीं कामें केलीं. १९९७ च्या ‘लितानिया’ या संग्रहांत त्यांनीं कोमेदांच्या रचना पुन्हां वाजविल्या. त्यांतला त्यांचा ट्रंपेट फाटका, धुरकट, बोलतां बोलतां घसा दाटून यावा तसा वाजतो. क्षेत्रकाकु आणि यंत्रकाकु एकाच जागीं कशा येतात याचा हा नमुना आहे. दुसरें काम असें कीं, २००२ च्या ‘सोल ऑफ थिंग्ज’मध्यें त्यांनीं मार्चिन वाशिलेफ्स्की या तरुण पियानोवादकाला व त्याच्या दोघां सोबत्यांना आपल्या संगतीस घेतलें. हे तिघे पोरवयापासून एकत्र वाजवीत होते. कोमेदांचे हातचे स्तान्को आणि स्तान्कोंच्या हातचा वाशिलेफ्स्की. आपल्या घराण्यांच्या रीतीशीं हें किती जवळचें आहे, हें सांगणें नको. वाशिलेफ्स्कींच्या ‘जॅन्युअरी’ (२००८) या संग्रहांतला पियानो दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेवर विश्वास ठेवतो. आलापींत ज्यांना विसाव्याचें मोल कळतें त्यांनीं तो अवश्य ऐकावा.

ग्दान्स्कचे लेशेक मोझ्जेर यांचा प्रकार निराळा. बोटें विलक्षण तयार, आणि ती तयारी दाखविण्याची हौसही दांडगी. १९९४ मध्यें त्यांनीं शोपँच्या रचनांवर जॅझचा विस्तार केला. २०११ मध्यें कोमेदांच्या रचना एकट्या पियानोवर वाजविल्या. दुसऱ्या संग्रहांत कित्येक ठिकाणीं तानांचा इतका वर्षाव होतो कीं, मूळ धुनेचें एकाकीपण त्यांत वाहून जातें. उलट, व्रोत्सवाफच्या ‘इएबीएस’ या तरुण मेळानें २०१७ मध्यें त्याच कोमेदांच्या धुना आजच्या रस्त्यावरच्या, तोडून जोडलेल्या ठेक्यांवर बसविल्या आहेत. कानाला प्रथम तें खडबडीत लागतें, परंतु कोमेदांच्या थबकण्याची जात त्यांनीं मोझ्जेर यांच्यापेक्षां अधिक नेमकी पकडली आहे. आदर दाखविणें आणि ओळख पटणें यांत अंतर असतें, तें या दोन संग्रहांत दिसतें. आजच्या पोलिश जॅझला एक भय मात्र आहे. शांत, थंड, निळसर उदासी ही त्याची खूण म्हणून जगाच्या बाजारांत ठरून गेली आहे, आणि कांहीं नवे वादक ती खूण आधीं काढतात व सूर मागून शोधतात. काकु ही छाया आहे. वस्तु नसतां नुसती छाया विकावयास मांडली कीं ती पडदा होते.

जॅझची झांक असलेल्या गाण्यांत देशकाकु अधिक सहज सांपडते, कारण तेथें भाषा मदतीस येते. उर्शुला दुजाक यांच्या १९७६ च्या ‘पपाया’ या गाण्यांत शब्दच नाहींत. निरर्थक अक्षरांवर कंठ असा धांवतो कीं, आपल्याला तराण्याची आठवण व्हावी. पुढें २००७ मध्यें फिलिपीन्स देशांत या गाण्यावर नाचण्याचें वेड पसरलें, यावरून त्यांतला खेळकरपणा किती दूर जाऊं शकतो तें दिसतें. आन्ना मारिया योपेक यांनीं २००२ मध्यें अमेरिकन गिटारवादक पॅट मेथिनी यांच्यासह ‘उपोयेन्ये’ हा संग्रह काढला. मेथिनी यांच्या जुन्या, शब्दरहित रचनांना त्यांत पोलिश शब्द लाभले आहेत. पोलिश भाषेंत शब्दाचा आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, आणि श-च-ज यांसारख्या वर्णांची तीत रेलचेल आहे. त्यामुळें अमेरिकन चालीच्या गुळगुळीत ओघांत जागोजाग बारीक खरखर उठते. पानांवरून वारा जावा तशी. चाल परकी खरी, पण ती पोलिश तोंडांतून आली कीं पोलंडची होते. याचा पडताळा आगा झारियान यांच्या २०११ च्या संग्रहांत घेतां येतो. नोबेल पारितोषिकाचे मानकरी कवि चेस्वाव मिवोश व त्यांना प्रिय असलेले कवि यांच्या कविता त्यांत गाइल्या आहेत, आणि हा संग्रह पोलिश व इंग्रजी अशा दोन रूपांत निघाला. इंग्रजींत त्या एक जाणत्या, सुरेल जॅझ-गायिका आहेत. अशा जगांत पुष्कळ आहेत. पोलिशमध्यें त्याच बाईंचा श्वास बदलतो, शब्द किंचित् अडखळून सुटतात, आणि कविता गाण्याच्या पुढें येऊन उभी राहते.

आतां आपल्या घरीं काय शिजलें तें पाहूं. मुंबईंत जॅझ पोलंडच्या मानानें उशिरां आला असें मुळींच नाहीं. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा मेळ ताजमहाल हॉटेलांत वाजवीत होता. त्यामागून टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याजवळून जॅझ शिकून घेणारे हात बहुतेक गोमंतकीय होते. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’ या नांवानें गाजलेले ट्रंपेटवादक, हे त्यांतले अग्रणी. आणि या वादकांच्या हातांतली विद्या ज्यांनीं देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोंचविली ते सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, हे तर आमच्या शेजारच्या अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतल्या पुणतांब्याचे. जन्म १९१८ चा. पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्यापाशीं त्यांनीं रागदारीचे धडे घेतले होते. ‘शहनाई’ (१९४७) या चित्रपटांतलें रविवारच्या निमंत्रणाचें गाणें आणि ‘अलबेला’ (१९५१) मधलीं नाचाचीं गाणीं यांनीं विलायती ठेक्याला आपल्या गल्लीबोळांत आणून सोडलें.

‘अलबेला’ हा या दृष्टीनें आमच्याकडचा ‘अस्टिग्मॅटिक’ ठरावयास हवा होता. चिक चॉकलेट रामचंद्र यांचे साहाय्यक, आणि एका गाण्यांत तर ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. बोंगोच्या ठेक्यावरचें तें प्रसिद्ध युगुलगीत आजही वाजलें कीं म्हाताऱ्यांचेही पाय हलतात. त्यांत रामचंद्र स्वतः ‘चितळकर’ या नांवानें गाइले आहेत. आवाज मोठा नाहीं, फिरतही बेताची. पण त्या आवाजांत एक मराठी मिस्किलपणा आहे, फडावरच्या सोंगाड्यासारखा, आपलीच थट्टा करणारा. ही क्षेत्रकाकु अस्सल आहे, आणि ज्यांना या गाण्यांत केवळ उसनवारी दिसते त्यांनीं ती एकदां कान देऊन ऐकावी. उसनवारी नव्हतीच असें आम्ही म्हणत नाहीं. ‘समाधि’ (१९५०) मधल्या एका लोकप्रिय गाण्यांत लॅटिन-अमेरिकन धाटणीची परकी चाल जवळजवळ तशीच उचललेली आहे. परंतु तें कर्ज आणि ‘अलबेला’ची कमाई एका वहींत लिहिणें न्यायाचें होणार नाहीं.

असें असूनही या दोन कृतींत एक मोठें अंतर राहतें, आणि तें दोन अंगाई-गीतांवरून स्पष्ट होतें. त्याच ‘अलबेला’त पिलूची छाया असलेली एक अंगाई आहे, मराठी घरांत ती ऐकली नाहीं असें मूल विरळा. तिच्यांत जॅझचा मागमूसही नाहीं, आणि नाचाच्या गाण्यांत पिलूचा नाहीं. रामचंद्र यांच्याजवळ दोन पेट्या होत्या, दोन्ही भरलेल्या. पण एकीचें सामान दुसरींत ठेवण्याची त्यांना क्वचितच गरज पडली. कोमेदा यांनींही १९६८ सालीं ‘रोझमेरीज बेबी’ या अमेरिकन चित्रपटासाठीं एक अंगाई केली. शब्द नाहींत, स्त्रीकंठाची नुसती गुणगुण, तिमात्री चालीवर. ती ऐकतांना ‘अस्टिग्मॅटिक’ करणारा माणूस लगेच ओळखूं येतो: तेंच थबकणें, तीच दिवा न लावलेली खोली. कोमेदांजवळ पेटी एकच होती.

हा भेद प्रतिभेचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तो परिस्थितीचा आहे. आमच्याकडे गाणें चित्रपटांतल्या प्रसंगाच्या ताबेदारींत होतें, आणि त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सवातीन मिनिटांहून अधिक मावत नसे. एवढ्या अवधींत ट्रंपेटवादकाच्या वांट्याला दोन कडव्यांमधल्या कांहीं मात्रा येत. पोलंडांत तोच वादक वीस मिनिटें आपलें म्हणणें मांडीत होता, आणि त्याचें नांव वेष्टणावर ठळक छापलेलें असे. आमच्या तबकडीवर गायकाचें, संगीतकाराचें, चित्रपटाचें नांव असे, वादकाचें नसे. चिक चॉकलेट यांनीं ‘नादान’ (१९५१) सारख्या चित्रपटास स्वतंत्रपणें संगीत दिलें, सेबास्तियन डिसोझा यांच्यासारख्यांनीं मोठमोठ्या संगीतकारांसाठीं वाद्यमेळ लिहिले. तरी घरोघर तींच गाणीं गुणगुणणाऱ्या आपल्या लोकांना हीं नांवें किती ठाऊक होतीं? ज्याचें नांव आपण विचारीत नाहीं त्याचा स्वभावही आपल्याला ऐकूं येत नाहीं. आणि स्वभाव ऐकूं न आला तर देशकाकु कोठून कळणार?

याला एक सुंदर अपवाद आहे आणि तो कोंकणींत आहे. मडगांवचे ट्रंपेटवादक ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना कोर्देरो यांच्या ध्वनिमुद्रिका, विशेषतः १९७१ ची ‘बेबदो’, या जॅझच्या झांकीच्या गाण्यांत आमच्या मतें हिंदुस्थानांत अग्रस्थानीं ठेवाव्यात. बेबदो म्हणजे दारुडा. विषय साधा, तियात्राच्या रंगभूमीवर शोभेल असा. लॉर्ना यांचा आवाज भरदार, कडेला किंचित् चरचरीत. कोंकणीचे अनुनासिक स्वर त्या अशा लांबवितात कीं, जॅझमधला उतरता स्वर आणि गोव्याच्या मांडोंतली हुरहुर एकाच जागीं भेटतात. ख्रिस पेरींचा ट्रंपेट त्यांच्या ओळीला उत्तर देतो, टोमणा मारतो, कधीं समजूत घालतो. येथें वाद्य सजावटीला आलेलें नाहीं. तें गाण्यांतलें दुसरें पात्र आहे. पुढें लॉर्ना सुमारें दोन दशकें गाइल्याच नाहींत, आणि ‘नाचूंया कुंपासार’ हा चित्रपट निघाला तेव्हां कोठें नव्या पिढीला त्या गाण्यांचें मोल पुन्हां कळलें. पोलिश संग्रहांच्या बरोबरीनें आपल्याकडचें कांहीं मांडावयाचें असेल तर आम्ही प्रथम हीं गाणीं मांडूं.

कोणी म्हणेल, मग रागदारी आणि जॅझ यांचा जो मिलाफ हल्लीं मोठ्या थाटानें होतो, त्यांत देशकाकु नाहीं काय? ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या गुणी सॅक्सोफोनवादकानें १९७० च्या सुमारास रागांचे स्वर घेऊन मनःपूर्वक प्रयत्न केले, त्यांबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु सर्वसाधारण मिलाफाचें स्वरूप असें असतें कीं, सतार आपलें वाजवते, सॅक्सोफोन आपलें वाजवतो, आणि शेवटीं दोघे एका तिहाईवर हात मिळवून टाळ्या घेतात. ही फार तर अन्यरागकाकु. एका घरांत दुसऱ्या घराचा भास. नामिस्वोफ्स्की यांनीं कुयाव्याकचें प्रदर्शन मांडलें नाहीं, लॉर्ना यांनीं मांडोचें मांडलें नाहीं. दोघांनीं आपापल्या तोंडची भाषा सोडली नाहीं इतकेंच. मराठींत तर हा प्रयोग अजून व्हावयाचाच आहे. ओवीचा सैल श्वास, लावणीच्या ढोलकीची तोड, आमच्या मराठवाड्यांतल्या बोलीचा लांब ओढलेला शेवट: हें सारें एखाद्या तरुणाच्या ट्रंपेटांतून कसें येईल, याची आम्हांस उत्सुकता आहे. तें ठरवून आणतां येणार नाहीं. तें यावें लागेल. येण्यासाठीं मात्र ऐकणारे कान तयार असले पाहिजेत.

म्हणून आमच्या वाचकांस एवढेंच सुचवितों कीं, घरांत जुनीं गाणीं लागतील तेव्हां कडवें संपल्यावर बोलणें सुरू करूं नये. ‘अलबेला’ लावावा आणि या वेळीं शब्द सोडून ट्रंपेटकडे लक्ष द्यावें. मुलांनीं विचारलें कीं हें कोण वाजवतें, तर वाझ यांचें नांव सांगतां यावें. नंतर ‘बेबदो’ ऐकावें, आणि मग एखाद्या निवांत रात्रीं कोमेदांची तबकडी. पोलिश भाषा येत नाहीं ही अडचण नव्हे. स्तान्कोंच्या ट्रंपेटाला ती लागत नाहीं. परकें संगीत आपल्या घरीं कां आलें याचा जाब विचारण्यांत आपण पुष्कळ वर्षें घालविलीं. काश्मिरी आजोबांच्या नातवानें देवगिरीवर बसून साऱ्या देशाच्या संगीताचें शास्त्र लिहिलें, त्या वेळीं त्याला असा जाब कोणी विचारला नाहीं, हें आमच्या या नगरीचें भाग्य म्हटलें पाहिजे.